मधलं टेबल

थोरला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. त्याचे केस पांढरे झाले, पुढचे दात पडले, गल्लीतले त्याच्या बरोबरीचे लोक आजोबा झाले, तरी आईच्या तोंडी आणि शेजाऱ्यांच्या तोंडी तो धाकटाच राहिला. तुरुंगात नाव विचारलं तेव्हा खरं नाव सांगून झाल्यावर त्याने आपणहून तेही सांगितलं होतं. धाकटा म्हटलं की समोरचा विचारायचाच, मग थोरला काय करतो? त्यावर तो खरं काय ते सांगायचा. थोरल्याला मी मारलं.

वडिलांचा पाकिटं आणि कागदी खोके बनवायचा धंदा होता. घरातल्या पुढच्या खोलीत काम, मागच्या दोन खोल्यांत संसार. वडील गेल्यावर दोघे भाऊ त्या खोलीत बसू लागले. थोरला बोलका, गिऱ्हाइकाला शब्दात गुंडाळणारा. धाकटा हाताचा साफ, पण डोक्याने गरम. भांडणं व्हायची आणि संध्याकाळपर्यंत विरायचीही. त्या दिवशीच्या भांडणाचं कारण सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. धाकट्याचं डोकं दुखत होतं आणि थोरल्याने रेडिओ मोठा केला होता. धाकट्याने आवाज कमी केला, थोरल्याने वाढवला, धाकट्याने परत कमी केला. तेव्हा थोरला हसत हसत उठला आणि लहान पोराला मारावी तशी त्याच्या डोक्यात टपली मारली. दारात वहिनी उभी होती, तीही हसली. धाकट्याच्या हातात कागद कापायची सुरी होती.

एकच वार झाला. वहिनी गाडी आणायला रस्त्यावर धावली, आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तिला काही पत्ताच नव्हता. वहिनी गाडी घेऊन आली तोवर थोरला धाकट्याच्या मांडीवर संपला होता. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

हात उचलताना त्यात सुरी आहे हे माहीत होतं का, असं न्यायालयात त्याला फिरून फिरून विचारलं. माहीत नव्हतं म्हण, असं वकिलाने पढवून ठेवलं होतं. धाकटा म्हणाला, माहीत होतं.

तुरुंगात एक कार्डांचा कारखाना होता. वर्षअखेरीला मोठी सुट्टी लागते, माणसं एकमेकांना कार्डं पाठवतात. ती हाताने केलेली, सोनेरी अक्षरांची जाड कार्डं तिथे तयार व्हायची. कागदाची सवय आहे म्हणून धाकट्याला तिथे घातलं. पहिली काही वर्षं तो नुसता कचरा उचलायचा. मग एका म्हाताऱ्या कैद्याने त्याला फॉइलच्या प्रेसवर बसवलं. पितळेचा ठसा तापवायचा, खाली कार्ड, मधे सोनेरी फॉइल, म्हणजे वर्खासारखी पातळ पट्टी, आणि दांडा ओढून क्षणभर दाबून धरायचं. ठसा जास्त तापला तर सोनं अक्षरांच्या पोटात भरतं, 'सुट्टी' वाचताच येत नाही. कमी तापला तर बोट लावताच सोनं सोलून निघतं. पुढे तो डाय कटिंगही शिकला. लाकडी फळीत पोलादी पाती वळवून बसवलेली असतात, कुठे घराच्या आकाराची, कुठे ताऱ्याच्या, कुठे पक्ष्याच्या. वरून दाब दिला की कार्डातून तो आकार अलगद सुटून येतो. पात्यांमुळे या सगळ्या फळ्या, म्हणजे डाय, रोज संध्याकाळी मोजून लोखंडी कपाटात जात आणि किल्ली शिपायाच्या कमरेला.

सुटका झाली तेव्हा त्याला घ्यायला आई आली होती. ती इतकी वाकली होती की त्याने आधी ओळखलंच नाही. गल्लीतल्या बायका तिला म्हणाल्या होत्या, कशाला आणतेस त्याला घरात, एका पोटच्याने दुसऱ्याला खाल्लं. आई त्यांना म्हणाली, "एक डोळा गेला म्हणून दुसरा फोडून घेऊ का?" हे धाकट्याला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याच्याशी ती असलं काही बोलली नाही. चालून पाय दुखले का, एवढंच तिने विचारलं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की ताटात येणारा पाव कापलेला असतो, फळं कापलेली असतात, कांदासुद्धा; पण स्वयंपाकघरात सुरी कुठेच दिसत नाही. कात्रीही नाही. एका सकाळी आई बाहेर गेली असताना त्याने भांडी धुतली, तेव्हा सगळी भांडी हाताखालून गेली आणि खात्रीच पटली. आई त्याच्यासाठी लांबच्या दुकानातून चांगलं दूध आणत होती, रात्री त्याच्या अंगावर पांघरूण घालत होती आणि सुऱ्या कुलपात ठेवत होती. त्याला राग आला नाही. तो बराच वेळ हातातल्या वाटीवरून पाणी सोडत उभा राहिला.

काम कुणी देईना. शेवटी वडिलांचे जुने स्नेही, छापखानेवाले काका, यांनी आपल्या शेडमध्ये धूळ खात पडलेली फॉइलची प्रेस आणि हाताने फिरवायचं एक डाय कटिंगचं यंत्र त्याच्याकडे पाठवून दिलं. काका म्हणाले, "ही प्रेस माझ्यासारखीच आहे. तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की कुणाचं ऐकत नाही." सुट्टीच्या कार्डांचं काम काका आणणार, धाकटा आणि आई करणार, असं ठरलं. यंत्रांबरोबर डायही आले. ती पाती पाहून आईचा चेहरा कसा झाला ते धाकट्याने पाहिलं. त्या संध्याकाळी काम संपल्यावर त्याने सगळे डाय वडिलांच्या जुन्या लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन आईच्या उशाशी ठेवली. मग ते रोजचंच झालं. सकाळी आई किल्ली काढून द्यायची, संध्याकाळी तो परत ठेवायचा.

वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने दुसरा संसार केला नाही. एका धुलाईच्या दुकानात इस्त्री करून मुलगी वाढवली. धाकटा आला त्या दिवसापासून तिने या घराची पायरी चढणं बंद केलं होतं, आईच तिच्याकडे जायची. पण पुढे ते दुकान बंद पडलं. इकडे आईची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली, घड्या पडेनात आणि काकांकडून मोठं काम आलं. आईने वहिनीला विचारलं. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, पण परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने धाकट्याला वहिनीच्या अटी सांगितल्या. त्याने तिच्याशी बोलायचं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि त्याच्या हातून तिच्या हातात काही द्यायचं नाही.

धाकटा म्हणाला, "बरोबर आहे."

त्याने स्वतःच प्रेस भिंतीकडे वळवली. वहिनीचं टेबल दाराजवळ लावलं, उजेडही तिथेच बरा होता. दोघांच्या मधे आईचं टेबल. धाकटा सोनं उठवून, आकार कापून कार्डं आईच्या टेबलावर ठेवायचा. आई ती मोजायची, धूळ फुंकायची आणि वहिनीकडे सरकवायची. वहिनी घडी घालायची, आतला कागद चिकटवायची, पाकिटात घालायची. एखाद्या कार्डावर सोनं फुटलेलं असलं तर वहिनी म्हणायची, "आत्या, हे परत द्या." सासूला ती आत्याच म्हणायची. मग आई मान वळवून म्हणायची, "धाकट्या, हे परत." हात पसरला तर दोघांचे हात एकमेकांना लागतील एवढी ती खोली, पण प्रत्येक शब्द आईच्या टेबलावरून फिरून यायचा.

असे पुष्कळ हंगाम गेले. वहिनी खोकते कशी, कंटाळली की खुर्ची कशी मागे सारते, हे धाकट्याला पाठमोऱ्यानेच कळू लागलं. तिच्या चेहऱ्याकडे त्याने कधी पाहिलं नाही. आई मात्र दोन्हीकडे पाहत राहायची. एकदा ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, मी आहे तोवर हे चालेल. मग तिने पुढचा गठ्ठा मोजायला घेतला.

आई ऐन हंगामात गेली. कार्डं मोजता मोजता टेबलावरच तिची मान कलंडली. वहिनीने हाक मारली, पण धाकट्याला नव्हे, "आत्या" म्हणूनच. धाकटा वळला. दोघांनी मिळून तिला उचलून आत नेलं आणि त्यात त्यांचे हात एकमेकांना लागले. डॉक्टर येऊन गेले, त्यांच्या हाती काही उरलं नव्हतं. अंत्यविधीला गल्लीतले थोडे लोक आले. पुतणीने पुढे होऊन सगळं केलं. धाकटा मागे उभा राहिला.

काम तसंच पडून होतं आणि सुट्टी काही कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी धाकटा प्रेस तापवत होता, तेव्हा दार वाजलं. वहिनी आत आली आणि आपल्या जागी बसली. त्याने कार्डं कापली आणि सवयीने मधल्या टेबलावर ठेवली. ती तिथेच राहिली. मग वहिनीची खुर्ची मागे सरकली, ती उठली आणि मधल्या टेबलावरची कार्डं स्वतः घेऊन गेली. दुपारपर्यंत असंच चाललं. तो ठेवायचा, ती उठून न्यायची.

दुपारी ती बोलली. 'भाऊजी' हा शब्द तिने केव्हाच टाकला होता.

"एक विचारायचंय. आत्या होत्या तोवर विचारता आलं नाही."

धाकटा भिंतीकडेच पाहत राहिला.

"मी गाडी आणायला गेले. तेवढ्यात ते काही बोलले का?"

न्यायालयाने त्याला सुरीची लांबी विचारली होती, रेडिओवर काय लागलं होतं ते विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. तो उठला, प्रेसचं बटण बंद केलं आणि वळून पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. ती म्हातारी झाली होती. त्याच्या मनात मात्र दारात उभी राहून हसणारी ती कोवळी पोरच होती.

"बोलला," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस, म्हणाला."

वहिनीला समजलं नाही. मग त्याने सांगितलं. लहानपणी दोघं मारामारी करायचे, कुणाचं डोकं फुटायचं, कुणाचा गुडघा, आणि ज्याला लागलं तोच दुसऱ्याला म्हणायचा, आईला सांगू नकोस. सांगितलं तर दोघांनाही मार बसायचा. थोरल्याला त्या वेळी वाटलं असावं, की आपण पडलोय, खरचटलंय. तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा आवाज नव्हता, ओठ तेवढे हलले.

"तुम्ही सांगितलं आत्यांना?"

"नाही. कधीच नाही."

वहिनी हातातलं कार्ड उगाच उघडत मिटत राहिली. मग तिने विचारलं, "माझं नाव?"

धाकट्याच्या जिभेवर 'हो' आलं होतं. एवढ्या वर्षांत तिने याच्याशिवाय त्याच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, आणि खरं काय ते सांगणारा दुसरा कुणी जगात उरला नव्हता. हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण थोरल्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे, एवढं त्याच्याने झालं नाही.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "वेळच मिळाला नाही त्याला."

तिने मान हलवली. रडली नाही. समोरचा ढीग तिने संपवला, एकाही घडीत कोपरा चुकला नाही. मग ओढणीने टेबल पुसून ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "यापुढे घड्या मी घरी घालीन. पोरगी येईल न्यायला." आणि गेली. त्यानंतर ती त्या घरात आली नाही, रस्त्यात समोरून आली तर बाजूच्या गल्लीत वळायची. धाकटा मनात म्हणायचा, खोटं बोललो असतो तर ती आली असती का? मधलं टेबल त्याने काढलं नाही, त्यावर कागदाचे गठ्ठे ठेवू लागला.

पुतणी आठवड्यातून एकदा कार्डं न्यायला येऊ लागली. उंच, सरळ मानेची, कपाळ बापासारखं. सुरुवातीला ती दारातूनच खोका मागायची. त्याला 'काका' म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. एकदा मात्र खोका हातात घेऊन ती थांबली आणि म्हणाली, "ते लहानपणी कसे होते? आईला माहीत नाही. आजी सांगायची नाही, रडायची." धाकट्याने तिला खुर्ची दाखवली. ती नको म्हणाली.

त्याने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. तुझ्या बापाला पोहायला येत नव्हतं, पण येतं म्हणून पैज लावायचा. शाळेत मास्तरांची नक्कल करायचा आणि मास्तर मागे उभे असायचे. मला अंधाराची भीती वाटायची, म्हणून माझा हात धरून झोपायचा आणि सकाळी तेच सगळ्या गल्लीला सांगायचा. पुतणी एकदा हसली आणि लगेच गप्प झाली, आपण कुणापुढे हसलो हे आठवल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात तिने परत विचारलं. मग दर खेपेला एखादी गोष्ट होऊ लागली. धाकटा आठवडाभर प्रेसवर बसून आठवत राहायचा, कारण थोरल्याचं बालपण आता फक्त त्याच्याच डोक्यात उरलं होतं आणि त्याचंही वय झालं होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. ऐकून झालं की खोका उचलायची आणि जायची. बसली मात्र कधी नाही.