कडी न लावण्याची माझी खोड

आज दुपारी शेजारची वैशाली माझ्यावर चांगलीच चिडली. "आजी, आजपण कडी लावली नाही! कुणी आत शिरलं म्हणजे?"

मी म्हटलं, "शिरू दे की."

ती कपाळाला हात लावून गेली. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनाच सांगते, ही खोड स्वातंत्र्याच्या आधीची आहे.

तेव्हा माझे अब्बा नगर स्टेशनला टांगा चालवायचे. अम्मी वारलेली, भावंडं नाहीत. दुपारी घरी आले की भाकरी होईपर्यंत ते आडवे व्हायचे आणि मला बजावायचे, "चांदणीला पक्की बांध. घाम जिरल्याबिगर पाणी देऊ नको."

पाण्याचं मी ऐकायचे. घोडीचं दावं मात्र खुंट्याला नुसतं गुंडाळायचे, गाठ मारायचेच नाही.

मी भाकऱ्या थापायला बसले की चांदणी हळूच यायची आणि दारातून मान आत घालायची. पहिली भाकरी तिची. दिवसभरात माझ्याकडे येणारं तेवढं एकच होतं.

एकदा अब्बांनी पाहिलं. "गाठ कुठं गेली?"

"सुटली, अब्बा."

"रोजच सुटती व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बांधलं. मी घाबरत जाऊन बघितलं, तर दावं नुसतंच गुंडाळलेलं!

आता सावेडीच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी. दार फक्त लोटलेलं असतं. चार वाजता चहा टाकते, दोन कप. येतं का कुणी?