आप्पांचं शेवटचं कडवं

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. अंगारा, उतारा, बाहेरचं झालंय... असलं कुणी बोलायला लागलं की आप्पा त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. मी शिक्रापूरच्या बाजूला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मोजमापात बसेल तेवढंच खरं, ही माझी नोकरीच आहे. तरी लिहितोय, कारण हे पोटात ठेवून ठेवून आता सहन होत नाही.

आम्ही पाबळचे. आप्पा म्हणजे माझे वडील, दगडू. दिवसा गवंडीकाम, संध्याकाळी गायन पार्टी. जयंतीला, लग्नाला, कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाला त्यांना बोलावणं असायचं. गाणी स्वतःच लिहायचे. आमच्याकडे रीत आहे, शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. आप्पांचं ना पुस्तक निघालं, ना रेकॉर्ड. अशा माणसाच्या मागे उरणार काय, तर त्या कडव्यातलं नाव. बाकी काही नाही.

राहू गावचा सुमेध त्यांच्याच पार्टीत मागे उभा राहून कोरस करायचा. पुढे स्वतः लिहायला लागला, यूट्यूबवर जोरात चालला, आता त्याचा बँड आहे. मी त्याचा पक्का फॅन! कंपनीच्या बसमध्ये जाता-येता कानात तोच. खरं सांगायचं तर थोडा जळायचोसुद्धा. मी गायला बसलो की आप्पा म्हणायचे, सूर कच्चा हाय तुझा, तू आपली नोकरी धर. धरली.

दीड वर्षापूर्वी आप्पा गेले. शेवटच्या आठवड्यात सुमेध भेटायला आला होता. आप्पांनी मला दूध आणायला पिटाळलं. परत आलो तर दार आतून लोटलेलं, दोघं आत. मी दुधाची पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहिलो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग या हिवाळ्यात सुमेधचा फोन आला. भांडगावला हायवेलगत एका लॉन्सवर शो आहे, आप्पांचं पाटीचं गाणं म्हणणार आहे, दादा तुम्ही याच. हे गाणं आप्पांनी आईवर लिहिलेलं. चाळिशीत ती विहारात जाऊन अक्षरं शिकली तेव्हाचं. 'दिवा विझला तरी गं, पाटी भरून ठेव' असं धृपद, आणि शेवटी 'सांगे दगडू, लेकरांनो, अक्षर पेरून ठेव'. स्टेजवर ते कधीच झालं नव्हतं. आईला गुडघ्यांमुळे येणं जमणार नव्हतं. ती म्हणाली, "तू जा. त्यांचं नाव येवढ्या लोकांत कसं वाजतंय, ते ऐकून ये."

शनिवारी कंपनीतला संतोष आणि मी बाईकवर निघालो. सातला शो सुरू झाला. हजारभर तरी पब्लिक असेल. पहिली चार गाणी मी घसा फोडून म्हटली, संतोष माझ्याकडे बघून हसत होता. मग सुमेध माईकवर आला आणि म्हणाला, "आता माझं नवीन गाणं." आणि पेटीवर पाटीच्या गाण्याची चाल सुरू झाली.

माझं...? तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पांचा अ सुद्धा काढला नाही! ज्याला घरचा समजलो, ज्याची गाणी दिवसरात्र ऐकली, तोच आमच्या घरातलं उचलून खिशात घालत होता. मी खुर्च्या सारत थेट स्टेजच्या कडेला गेलो. ठरवलं होतं, त्याने नाव बदललं तर तिथंच चारचौघांत गचांडी धरायची.

तिसरं कडवं संपलं. त्याने मला बघितलं. आणि शेवटच्या कडव्याला त्याने माईक खाली केला, पार मांडीपर्यंत. तोंड मिटलेलं. मी सात-आठ फुटांवर होतो, लाईट त्याच्या तोंडावर होता, बघण्यात माझी चूक झालेली नाही.

आणि स्पीकरमधून आवाज आला... आप्पांचा.

आवाजासारखा आवाज नाही, आप्पांचाच. नावाच्या आधी ते अर्धा श्वास थांबायचे आणि हळूच 'हां' म्हणायचे. तसेच थांबले. 'हां' म्हणाले. आणि म्हणाले, "सांगे सुमेध, लेकरांनो, अक्षर पेरून ठेव."

दगडू नाही. सुमेध!

पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला. ट्रॅक लावला असेल, असं संतोष म्हणाला. मीही तेच धरून साऊंडवाल्याकडे गेलो. तो यूपीचा पोरगेला माणूस. त्याने मला सगळा बोर्ड दाखवला. "भैया, ट्रॅक कुछ नहीं था. उन्होंने माईक नीचे किया तभी मैंने बंद कर दिया था, सीटी मार रहा था." मग आवाज कुठून आला, असं विचारलं तर मान हलवून वायरी गुंडाळायला लागला.

स्टेजमागे सुमेध खुर्चीवर बसला होता. मी भांडायलाच गेलो होतो, पण तोच आधी बोलला.

"दादा, मी म्हणलोच न्हाई. तुमच्याकडं बघून त्वांडच उघडंना. आप्पांनी त्या दिवशी गाणं मला दिलं. नाव त्यांनीच बदलून दिलं. म्हणलं, माझं नाव कोण ऐकतंय, तुझं लावलं तर गाणं जगंल. तुम्हाला खरं वाटायचं न्हाई, म्हणून बोललो न्हाई."

चोर म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणता येईना. त्याचा साक्षीदार कोण, ते मी आत्ताच कानांनी ऐकलं होतं. मला दुधाला पाठवून आप्पांनी हे केलं! पोटच्या पोराला एक शब्द सांगितला नाही. सुमेधवरचा राग तिथंच संपला, आप्पांवरचा अजून संपलेला नाही.

घरी आलो. आई जागीच होती. नाव आलं का, म्हणाली. आलं म्हणालो. ती हसली आणि झोपली.

हे कसं झालं, याचा खुलासा माझ्याकडे नाही. अनेकांशी बोललो. फीडबॅक, भास, मनाचे खेळ, सगळं ऐकून झालं. एकही गोष्ट पूर्ण बसत नाही.

गेल्या आठवड्यात राहवलं नाही, आईला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं नावासाठी रडेल. ती नावाबद्दल बोललीच नाही. आवाज चांगला होता का, शेवटी बसला होता त्यांचा, एवढंच विचारलं. खणखणीत होता म्हणालो. तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

मग म्हणाली, "म्हंजी येता येत व्हतं त्यास्नी. दीड वरीस झालं मी हितं येकटी हाय. मला येक हाक न्हाई मारली."

तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर आवाज कसा आला ते सांगू नका. आईला काय सांगू, तेवढं सांगा.