फिरून आलेली बातमी

नीलम्माचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पालमच्या लिंगायत गल्लीत, भाऊ भीमाशंकर याच्या किराणा दुकानामागच्या खोलीत ती वाढली. दहावी झाली, दुकानात पुड्या बांधू लागली. लग्नाचा विषय ना घरच्यांनी काढला, ना तिनं. पस्तिशी उलटल्यावर अपंगांच्या कोट्यातून तिला एसटीडी बूथ मिळाला.

तोवर परभणीला बोलायचं म्हणजे पोस्टात ट्रंककॉल नोंदवून अर्धा दिवस बाकड्यावर बसायचं, आणि लागलाच तर गल्ली गोळा होईल एवढं ओरडायचं. मग गावात इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. बस स्टँडसमोर नीलम्माची पिवळी खोली उभी राहिली. आत काचेचं दार, मीटरवर पळणारे लाल आकडे. नंबर फिरवला की मुंबई कानात! सगळं गाव तिला नीलाक्का म्हणू लागलं. लंगडी म्हणून हिणवणारेसुद्धा तिच्यापुढं रांगेत उभे राहायचे. घंटी वाजली की तिला आपल्याच घरी पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

बौद्धवाड्यातल्या अंगणवाडीच्या सरजाबाई दर रविवारी यायच्या. त्यांचा मुलगा औरंगाबादला वसतिगृहात होता. त्याचा आवाज आला की बाई आधी नुसत्याच हसायच्या, मग बोलायच्या.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली आणि गाव एकाएकी गप्प झालं. ती शांतता नीलम्माच्या ओळखीची होती. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराचा ठराव झाला तेव्हा, पाय ओढत घराच्या माळवदावर चढून तिनं बौद्धवाड्यावरचा धूर पाहिला होता. तेव्हा बातमी संध्याकाळच्या एसटीनं आली होती आणि घरं दुसऱ्या दिवशी पेटली होती. मधली एक रात्र पळून जायला मिळाली होती लोकांना.

दोन दिवसांनी सकाळीच माणिकराव बूथमध्ये आले. मोठे जमीनदार, भीमाशंकरचं अर्धं दुकान त्यांच्या वाड्याच्या खरेदीवर चालायचं. काचेचं दार नीट लागत नसे, त्यामुळे शब्द न् शब्द नीलम्माच्या कानावर पडला.

"ताडकळसला बौद्धवाड्यातल्यांनी आपली दोन पोरं मारली म्हनं. अन् तुमी काय बांगड्या भरून बसलाव?"

पुढच्या गावाला फोन लावला तेव्हा दोनाची चार झाली होती. मग तिसरं गाव, मग चौथं. माणिकरावांनी कुठं ऐकलं होतं की मनानंच रचलं होतं, कुणास ठाऊक.

दुपारी त्या तिसऱ्या गावाहून माणिकरावांसाठी फोन आला. ते ऐकून बाहेर आले आणि स्टँडवरच्या लोकांना म्हणाले, "बगा, आता तिकडूनबी फोन आला. सहा मेले. म्हंजे खरंच हाय!"

नीलम्माला लगेच कळलं. त्यांचंच बोलणं गावोगाव फिरून, वाटेत फुगून, दुसऱ्याच्या तोंडून परत आलं होतं. आणि हे कळलेली पालममध्ये ती एकटीच होती.

ती तडक भावाकडे गेली. भीमाशंकरनं दुकानाची अर्धी फळी लावून घेतली.

"नीला, तू काय बी ऐकलं न्हाईस. आपली चार घरं हायत इथं. दुकान पेटलं तर इझवायला कोन येनार हाय?"

भाऊ खोटं बोलत नव्हता. ती परत आली. बूथ बंद करून घरी बसावं असं मनात आलं, तेवढ्यात सरजाबाई आल्या.

"नीलाक्का, पोराला येवढं सांगू द्या. म्हनावं, गावाकडं येऊ नगंस."

औरंगाबादची लाइन लागेना. बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. माणसं जमू लागली. कुणाच्या हातात गज, कुणाच्या काठी. सरजाबाईंनी काचेतून पाहिलं आणि त्या टेबलामागं खाली बसल्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

 नीलम्मानं ताडकळसला महालिंग आडत्याचा नंबर फिरवला. तो तिचा चुलतभाऊ.

"महालिंगअण्णा, तिकडं काय झालंय?"

"इथं? इथं काय बी न्हाई. दुकानं उघडी हायत. अगं, आमीच तुमच्या घोरात हाव! पालमला आपली आठ मानसं कापली म्हनं!"

तिनं त्याला लाइनवरच थांबायला सांगितलं. मग ती टेबलाला धरून उठली, दारात गेली आणि ओरडली, "दिनकरराव! ताडकळसचा फोन हाय. लवकर या!"

ट्रॅक्टर दिनकररावांचा होता आणि त्यांची लेक ताडकळसला दिलेली. ते धावतच आत आले. टेबलाआड सरजाबाई श्वास रोखून होत्या. दिनकरराव नुसतं "हां, हां" करत राहिले, मग म्हणाले, "पोरगी बरी हाय ना? तुमी डोळ्यानं बघितली?" रिसीव्हर ठेवून ते बाहेर गेले आणि लेकाला म्हणाले, "घराकडं वळीव ट्रॅक्टर."

सगळे काही परतले नाहीत. संध्याकाळी बौद्धवाड्यावर दगड पडले, दोन घरांचे पत्रे फुटले, एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. पण आग लागली नाही. सरजाबाई पहाटेच्या एसटीनं परभणीला बहिणीकडं गेल्या, त्या दोन महिन्यांनीच परतल्या.

त्या दिवशी गर्दी पांगली तेव्हा माणिकराव बूथच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. "नीलाक्का, लय हुशार झालीस," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बूथची तार कापली. लाइनमननं ती जोडून दिली, पण घंटी वाजली की नीलम्मा आता दोन-तीन घंट्या तशाच जाऊ द्यायची. पलीकडून कोण काय बोलेल आणि ते गावात कुठवर जाईल, याचा नेम उरला नव्हता.

चैत्रात एका सकाळी माणिकराव आले. चेहरा उतरलेला.

"पोरीला दवाखान्यात नेलंय म्हनं. नंबर लावून दे गं, माजा हात थरथरायलाय."

नीलम्माचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी लागला. रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन तिनं रस्त्याकडं तोंड फिरवलं. कान मात्र तिला बंद करता आले नाहीत.