नाही म्हणणारी बँक

१२ एप्रिल. जळगावच्या घरी वर्षाच्या गव्हाला एरंडेल तेल चोळत बसले होते. हात तेलकट, म्हणून मुलीने फोन माझ्या कानाला लावला. पारोळ्याहून चुलतभाऊ महेंद्र बोलत होता. नाना गेले… सकाळचा चहा पिऊन, खुर्चीतच. वय ब्याऐंशी. मी हात धुतले, गहू झाकला आणि दुपारच्या आत पारोळ्याला पोचले.

नाना माझे सख्खे काका, महेंद्रचे वडील. उभा जन्म कापूस पारखण्यात गेला. गाडीतल्या वरच्या कापसाकडे ते बघतही नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसून ओल तपासत. उतारवयात शेअर घेऊ लागले, तेव्हा बँकेचा वार्षिक अहवालही तसाच हाताळला. अध्यक्षांचा फोटो आणि भाषण सोडून थेट मागची पानं. एका शेअरमागे बँकेची स्वतःची मालमत्ता किती, त्यातून बुडण्यासारखं कर्ज वजा केलं तर उरतं किती, आणि बाजारातला भाव त्याहूनही कमी आहे का… एवढंच त्यांचं गणित. माझं औषधांचं दुकान. शिल्लक पैसा कुठे घालायचा हे विचारायला मी जायचे, तर ते मलाच वजाबाकीला बसवत. चुकले की म्हणत, "गोळ्या बी अशाच मोजस का तू?"

त्यांची सगळ्यात आवडती बँक त्यांना वेगळ्याच वाटेने सापडली. वीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाबरोबर जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, भागी करायची म्हणून त्यांनी कर्जाचा अर्ज केला. मॅनेजरने कागद पाहिले, भागीदाराची चौकशी केली आणि नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या बँकेचा अहवाल मागवला आणि महिन्याभरात तिचेच शेअर घेतले. काकूंनी कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, "जो माले नाही म्हने, तो दुसराले बी म्हनत व्हई." भाव तेव्हा मालमत्तेच्या निम्मा होता. पुढे भागीदाराचं दिवाळं निघालं आणि शेअर पाचपट झाले.

तेरावं झालं, त्या संध्याकाळी महेंद्रने विषय काढला. काकूंच्या नावावरची सहा लाखांची मुदत ठेव त्याच आठवड्यात संपत होती. काकूंना पेन्शन नाही, घर या व्याजावर चालतं. महेंद्रचं म्हणणं, सगळे पैसे नानांच्या बँकेच्या शेअरमध्ये घालावेत.

"ताई, मालमत्ता दीडशेची, भाव शंभर. नानांनी घेतलेच असते."

हिशेब बरोबर होता. मला निम्मं पटलंही होतं. मी नानांकडचा बँकेचा ताजा अहवाल मागच्या पानांपासून उघडला, तेवढ्यात नानांचा मोबाइल वाजला. महेंद्रने स्पीकर लावला. त्याच बँकेची मुलगी. नामदेवरावांना, म्हणजे नानांना, पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय, तारण नको, कागद नको. महेंद्र म्हणाला, ते वारले. ती म्हणाली, "मग तुम्हाला हवंय का, सर?"

मी विनातारण कर्जाचा आकडा शोधला. दोन वर्षांत दुप्पट. बुडीत कर्ज मात्र नावापुरतं. साहजिकच, दिलेली कर्जं सगळी नवी, बुडायलाही वेळ लागतो. दीडशेतून वजा काय करायचं तेच कळत नसेल, तर शंभर रुपये स्वस्त की महाग हे कसं ठरवणार? मी महेंद्रला तसं सांगितलं. तो म्हणाला, तू भित्री आहेस, नाना नव्हते. जुने शेअर वारसाचे कागद झाल्यावर बघू, पण हे पैसे आजच्या भावात नको, असं मी म्हणत होते आणि तो ऐकत नव्हता… तेव्हा काकू बोलल्या.

"पैसा मना शे. मी सांगसू."

पैसा त्यांचा, निर्णयही त्यांचाच. मग मला एवढंच विचारलं, पोस्टात दर महिन्याला व्याज हातात पडतं ना? मी हो म्हटलं.

ठेव सुटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या वेळेला आम्ही दारात होतो. महेंद्रने गाडीने आणलं. फॉर्म मी भरला. वारसाच्या रकान्यात काकूंनी त्याचंच नाव घालायला लावलं, सही केली आणि पेन त्याच्या हातात देत म्हणाल्या, "पैसा थांबना, आते तू बी थांब जरा."