जिभेवरची आंबील

आज लेकीची जीभ चावली. तिला मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायला लावल्या, मग जिभेवर तुपाचं बोट फिरवलं. त्या वासानं लग्नानंतरची पहिली वेळ अमावास्या आठवली, शेतात पूजा करून पंगत मांडायचा आमच्याकडचा सण.

रेणापूरच्या शेतात जाताना बैलगाडीला गचका बसला आणि माझी जीभ दाताखाली सापडली. जेवताना थोरल्या जाऊबाईंनी आंबट आंबिलीचा पेला पुढे धरला.

"जाऊबाई, जीभ चावली हाय, लई झोंबंल."

"सासूला शिव्या देत असशील, म्हनून चावली! पी गुमान."

सगळे हसले, माझा नवरासुद्धा. मी पेला संपवला. डोळ्यांतलं पाणी बघून जाऊबाई आणखी हसल्या. संध्याकाळी सासूबाईंनी गुपचूप जिभेला तूप लावलं. जीभ आठवड्यात बरी झाली. राग मात्र मी जपून ठेवला.

आता वाटण्या झाल्यात, आमच्या आणि जाऊबाईंच्या शेतांमध्ये एकच बांध आहे. वेळ अमावास्येला वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवायला बोलावतात. यंदा जाऊबाईंची मुलं पुण्याहून आली नाहीत. त्या एकट्याच बांधावर उभ्या राहून आमच्या पंगतीकडे बघत होत्या. मी उठले, आणि त्यांच्या मागून रस्त्याने चाललेल्या मोटारसायकलवाल्याला मोठ्यानं हाक मारली, "या हो भाऊ, जेवून जावा!"