गुरुवारचा मोबदला

हवालदाराने साहेबासमोर ढेकराचा अहवाल दिला, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. निवृत्तीनंतर कितीतरी चोऱ्या-दरोडे डोक्यातून पुसट झाले, पण ती घटना आठवली की अजूनही मी एकटाच हसत बसतो आणि घरातले विचारतात, काय झालं.

मी तेव्हा पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एक निनावी अर्ज आमच्याकडे चौकशीसाठी आला. पुण्यात निनावी अर्जांना तोटा नाही. वरच्या गॅलरीतल्या कुंडीचं पाणी खाली ठिबकलं तरी लोक थेट आयुक्तांना लिहितात. पण हा अर्ज कायदा जाणणाऱ्या माणसाचा होता. आफ्रिकेतल्या एका देशातून शिकायला आलेला तरुण सदाशिव पेठेत इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्याच्यापाशी शिक्षकाची पात्रता नाही, काम करण्याचा परवाना नाही, आणि तरीही तो मोबदला घेतो, असा आरोप होता. आरोप खरा ठरला असता तर त्याला देश सोडण्याची नोटीस निघाली असती. त्याची पदवीची शेवटची परीक्षा तर तोंडावर आली होती.

आमच्या वरिष्ठांना आणखी वेगळा संशय होता. त्या काळी परदेशी माणूस घरोघरी फिरतो म्हटलं की पोलिसांना आधी चोरटी घड्याळं आणि टेपरेकॉर्डर दिसायचे. म्हणून मी एका जुन्या हवालदाराला साध्या वेशात त्याच्या मागावर ठेवलं. हवालदार हवेली तालुक्यातला, पाळतीच्या कामात मुरलेला. काही दिवसांनी तो माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर गोंधळ होता.

"सायेब, मानूस रोज येगळ्या घरात जातोय. सोमवारचं घर येगळं, मंगळवारचं येगळं. पुन्हा सोमवार आला की पयलंच घर. मालबिल कायबी न्हाई, मोकळ्या हातानं जातो, मोकळ्या हातानं येतो. पन जाताना झपाझप जातोय, अन् येताना पोटावरनं हात फिरवत, ढेकर देत येतोय."

हवालदाराला वाटलं, मी रागावणार. मी मात्र खुर्चीत मागे टेकलो आणि पोटभर हसलो. ती चाल माझ्या ओळखीची होती. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून मी शाळेसाठी पुण्यात आलो, तेव्हा असाच झपाझप जायचो आणि रमतगमत यायचो. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचं, याला वार लावणं म्हणत. ती पद्धत एव्हाना मोडीत निघाली होती. आणि इथे सातासमुद्रापलीकडून आलेल्या पोराने पेठांमध्ये वार लावले होते!

पण हसून चौकशी संपत नसते. मी त्याला गुरुवारी संध्याकाळी ठाण्यात बोलावलं.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, आत येताच त्याने नमस्कार केला आणि मला "काका" म्हणाला. ठाण्यात फौजदाराला काका म्हणणारा इसम हवालदाराने त्याआधी पाहिला नव्हता. पोराचं मराठी सगळं स्वयंपाकघरांतून आलेलं होतं. पाण्याचा पेला पुढे केला तर तो म्हणाला, "असू दे हो, कशाला त्रास?"

त्याने सगळं सरळ सांगितलं. त्याच्या देशात सत्ता उलटली आणि घरून येणारे पैसे थांबले. कॉलेजची फी आधीच भरलेली होती, प्रश्न फक्त पोटाचा होता. वार लागण्याआधी तो पेठेतल्या एका इंग्रजी बोलण्याच्या क्लासात काम मागायलाही जाऊन आला होता. मालक म्हणाले, आम्हाला फॉरेनर हवा आहे. हा म्हणाला, मी फॉरेनरच आहे. मालकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि "तसा नाही" म्हणून दार लावून घेतलं. काम मागणं हा गुन्हा नाही, म्हणून मी तेवढं ऐकून घेतलं आणि मालकांचा पत्ता मात्र लक्षात ठेवला.

मग मुद्द्याचा प्रश्न आला. मुलांना इंग्रजी शिकवतोस का? हो. पगार किती घेतोस? पगार नाही, जेवतो.

मी पेन खाली ठेवलं. त्याला वाट करून द्यावी म्हणून विचारलं, "लोक तुला पाहुणा म्हणून जेवायला बोलावतात, असंच ना?"

तो ताठ झाला. "नाही काका. मी फुकट जेवत नाही. मी शिकवतो, मग जेवतो."

झालं! चोर गुन्हा कबूल करत नाही म्हणून आम्ही रात्र रात्र जागतो, आणि हा भला माणूस स्वाभिमानापायी स्वतःच्या हाताने स्वतःचा व्हिसा फाडत होता. हे वाक्य जबाबात उतरलं की जेवण हाच मोबदला ठरणार होता. मी चहा मागवला. पोलीस अधिकाऱ्याला वेळ काढायचा असतो तेव्हा तो चहा मागवतो.

चहा येण्याआधी एक वृद्ध गृहस्थ आत आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ते एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते आणि आयुष्यभर त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं.

"आपण माझा पाहुणा बसवून ठेवलाय," ते म्हणाले. "आज गुरुवार आहे. भात गार होतोय."

त्यांच्यामागून आणखी मंडळी आली. हवालदाराच्या पाळतीची खबर पेठेला केव्हाच लागलेली दिसत होती. सोमवारच्या बाई त्याच्याच इमारतीत राहायच्या. सलग काही दिवस त्याच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज आला नाही, तेव्हा त्यांना शंका आली होती. सोमवारचा उपास सोडायला संध्याकाळी पान वाढायचंच असतं, एक पान जास्त वाढलं, एवढंच त्यांचं म्हणणं. मंडईत भाजी घेताना त्या चार ओळखीच्या बायकांशी बोलल्या आणि एकेक वार ठरत गेला. शुक्रवारचा वार होता बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाचा. ते गृहस्थही दुकान बंद करून आले होते. त्यांच्या बायकोने मंडईत ऐकताक्षणी शुक्रवार मागून घेतला होता. त्या दिवशी घरात चांगलंचुंगलं शिजतं, तेव्हा दुसऱ्या कोणाला तो वार मिळणं शक्यच नव्हतं, असं ते अभिमानाने सांगू लागले. शनिवारच्या बाईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

मी सगळ्यांना एकच विचारलं. जेवण आधी सुरू झालं की शिकवणं? सगळे म्हणाले, जेवण. शिकवण्याचं खूळ याच्याच डोक्यातलं. ताट समोर आलं की हा आधी मुलांची पुस्तकं मागायचा.

मुख्याध्यापक इतका वेळ छत्रीवर हात ठेवून ऐकत बसले होते. आता ते म्हणाले, "आमच्या घरी कोणी मूल नाही. इंग्रजी मला येतं, यांच्याहून बरं येतं. सुरुवातीला यांचं शिकवणं ऐकलं आणि मुलांची दया आली. तेव्हापासून गुरुवारी मी यांना शिकवतो, वर्गात कसं शिकवायचं ते. म्हणजे शिकवतो मी आणि जेवूही मीच घालतो. आता फौजदारसाहेब, आपण कायद्याचे जाणकार. गुरुवारचा मोबदला कोणी कोणाला द्यायचा?"

ठाण्यात हशा पिकला. लॉकअपमधला एक पाकीटमारसुद्धा हसला. त्या एका गुरुवाराने अर्जातला मोबदला तर पुसलाच, पात्रतेचीही सोय लावली. चाळीसेक वर्षं शिकवलेल्या माणसाच्या हाताखाली तो दर आठवड्याला तयार होत होता.

हसत नव्हता तो एकटाच. तो मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे मी फुकटच जेवतो."

तेव्हा मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मीही याच पेठांमध्ये वार लावून जेवलोय, हे ठाण्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते मी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं. शनिवारच्या घरी मी कोणी न सांगता पाणी भरायचो, कारण मलाही फुकट जेवायची लाज वाटायची.

"सोमवारच्या बाई म्हणाल्या, तू मध्ये तापाने पडला होतास. तेव्हा शिकवलंस?" मी विचारलं.

"नाही."

"मग डबा आला होता?"

"रोज आला," तो म्हणाला. "शुक्रवारी दोन आले." घड्याळवाले छताकडे बघू लागले.

"मी पाणी भरलं नसतं तरी माझं पान मांडलेलं असायचं," मी म्हणालो. "तू शिकवतोस ती तुझी माया. ते जेवू घालतात ती त्यांची. जबाबात हेच लिहू का?"

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "लिहा." त्याने सही केली आणि भात गार झाला म्हणून मुख्याध्यापकांनी मलाच बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या क्लासात गेलो. दारावर 'परदेशी शिक्षकांकडून इंग्रजी' अशी पाटी, आणि आत एक गोरा तरुण फळ्यापुढे उभा. त्याचा पासपोर्ट पाहिला, तर व्हिसा पर्यटकाचा. मातृभाषा इंग्रजी नव्हतीच. इंग्रजी तो इकडे येताना प्रवासात शिकला होता, असं त्याने निष्पापपणे सांगितलं. दरमहा पगार घेत होता, तोही रोख. मी मालकांना विचारलं, याची पात्रता काय? ते म्हणाले, पालकांना दिसते ना. काय दिसतं, असं मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलला.

"पण साहेब, अर्ज तर त्या दुसऱ्याच्या विरुद्ध होता," ते म्हणाले.

"अर्ज निनावी होता," मी म्हणालो. "आपल्याला कसा माहीत?"

त्यापुढची चौकशी सोपी गेली. पेठेतली मुलं क्लास सोडून घरीच इंग्रजी शिकायला लागली, हे मालकांचं दुखणं होतं. प्रकरण रीतसर परकीय नागरिकांच्या शाखेकडे गेलं, त्या गोऱ्या पाहुण्याला परत जावं लागलं आणि पाटी पुन्हा रंगवली गेली. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा पडला. माझ्या हातचे शेरे पुष्कळ, पण इतक्या आनंदाने लिहिलेला तेवढा एकच.

शेरा पडल्यावर मी त्याला विचारलं, सहा वार झाले, रविवारी काय करतोस? तो म्हणाला, सकाळी चर्चमध्ये चहा-बिस्किट मिळतं, सोमवार काही लांब नसतो. पुण्यातल्या खाणावळी रविवारी संध्याकाळी बंद, हे कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. माझाही रविवार कधी लागला नव्हता.

तेव्हापासून रविवार आमच्याकडे लागला. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या मुलीचं पुस्तक मागितलं. बायको वाढता वाढता म्हणाली, "आधी जेवा. शिकवलंत तर आमचे हे केस करतील." तो खूप हसला आणि तरीही शिकवलंच. पुढे तो चांगल्या गुणांनी पास होऊन मायदेशी गेला आणि तिथे शिक्षक झाला. निघताना सातही घरांनी दिलेले लाडू त्याच्या बॅगेत मावेनात. घड्याळवाल्यांनी घड्याळ दिलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं, की माणूस कोणत्या घरात जातो यापेक्षा तो तिथून कसा बाहेर पडतो हे बघावं. चोर, सावकार आणि जेवलेला माणूस यांची चाल वेगवेगळी असते. पुढच्या नोकरीत हे निरीक्षण मला फार उपयोगी पडलं.

माझी ती मुलगी आता स्वतः परदेशात इंग्रजी शिकवते. तिला मात्र रीतसर प्रमाणपत्रं लागली, परवाना लागला, पुणे पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही लागला. पगार उत्तम. पण सुरुवातीला फोनवर तिचा आवाज पडलेला असायचा. भाषा कळत नाही, ओळखीचं कोणी नाही, संध्याकाळी एकटीने जेवायचं. बायको काळजीत, मीही. मग एकदा तिचा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी खुणा करून तिला घरात नेलं, जेवू घातलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पुढच्या आठवड्याचा तोच दिवस दाखवला.

"बाबा," ती म्हणाली, "मला बुधवार लागला."