हाजींच्या कॉफीखान्याला दिलेला हिरवा रंग

कतारला, दोह्यात दारूचे अड्डे कुठले असायला! माणसं जमायची ती कॉफीवर. आमच्या खोलीच्या खालीच असा एक जुना कॉफीखाना होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय. मालक म्हातारे कतरी गृहस्थ, सगळे त्यांना हाजी म्हणत, मग आम्हीही. आत फक्त पुरुष बसायचे. पण एका शुक्रवारी दुकान बंद असताना हाजींनी यांना आणि मला आत बोलावलं आणि हौसेने सगळं दाखवलं.

काय सांगू तुम्हाला! बाहेरून नुसता मातीचा ढिगारा, आणि आत काय तो गारवा! भिंती जाडजूड, समुद्रातल्या दगडाच्या. वर गोल वासे, गलबतातून आफ्रिकेहून आलेले, त्यांवर काळे-तांबडे पट्टे आणि त्रिकोण रंगवलेले. भिंतीत उंचावर पांढऱ्या जिप्समच्या जाळ्या, त्यांत फुलं नि चांदण्या कोरलेल्या. त्यातून वारा यायचा आणि उन्हाचे ठिपके खाली ओट्यांवर पडायचे. "मेरे बाप ने बनाया," हाजी त्यांच्या हिंदीत म्हणाले.

पुढे रस्ता रुंद करायचं निघालं. गल्लीतली बरीच घरं पाडणार होते, पण जे खरोखर जुनं नि जपण्यासारखं, ते बघून ठेवायला नगरपालिकेचे साहेब येणार होते. हाजींचा सगळा जीव त्या एका भेटीत अडकला होता.

आमच्या शेजारच्या खोलीत साताऱ्याकडचे दोघे भाऊ राहायचे, रंगारी. शुक्रवारी जेवायला माझ्याकडे आणि रोज संध्याकाळी हाजींच्या ओट्यावर.

"वहिनी, हाजींकडं सायब लोक बघायला येनार हायेत," थोरला म्हणाला.

"मग तू का एवढा लाजतोयस? तुला बघायला येणार आहेत का?"

"मला कोन बघतंय! पन पाव्हनं यायचं म्हंजे भितीवर रंगाचा हात फिरवाय नको?"

आपली रीतच ती. घरात कार्य असो नाहीतर पाहुणे, आधी रंग काढायचा. त्यात हाजी लेकीकडे अल रय्यानला गेले आणि किल्ली या दोघांकडे ठेवून गेले. हाजींना खूश करायचं म्हणून दोघे कामाला लागले. धूळ येऊ नये म्हणून जाळ्यांची भोकं लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवली. वाशांना तपकिरी ऑइलपेंट, भिंतींना फिकट हिरवा. अगदी दवाखान्यासारखं चकाचक!

हाजी परतले त्याच सकाळी साहेब मंडळीही आली. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. आत हे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून, हसऱ्या चेहऱ्याने.

त्यांतला गोरा साहेब वाशांकडे बघत राहिला. मग त्याने नखाने जाळी खरवडली, तर रंगाबरोबर फुलाची पाकळीच हातात आली. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. यांनी मला हळूच सांगितलं, "म्हणतोय, आता यात जपण्यासारखं काही उरलं नाही. आणि हे कुणी केलं, विचारतोय."

बरोबरच्या माणसाने तेच अरबीत हाजींना विचारलं. हाजी भिंतींवरून नजर फिरवत होते. भावांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अना." म्हणजे मी.

साहेब गेले. हाजींनी दोघा भावांना ओट्यावर बसवलं, स्वतः कॉफी ओतून दिली, पाठ थोपटली. आम्ही निघालो तर हाजी आमच्या मागोमाग बाहेर आले. "इन लोग को मत बोलना," एवढंच म्हणाले.

थोड्याच महिन्यांत कॉफीखाना पाडला. जीव लावून केलं होतं हो त्यांनी, आणि नेमकं तेच भोवलं. किती सुंदर होतं ते, नि मी ते एकदाच पाहिलं.

धाकटा पुढे बरेच दिवस जेवताना मधेच विचारायचा, "वहिनी, सायबाला रंग पसंत पडला नव्हता का?"

"पडला होता रे," मी म्हणायची. "पण रस्ताच मोठा करायचा होता त्यांना. घे, अजून एक भाकरी घे."